ओलाची स्क्रिप्ट: फुकट आहे, पण तास मोजून घ्या

सांगलीकडच्या एका पतसंस्थेत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी एकटीच, त्यामुळे सर्व्हरपासून पासबुक प्रिंटरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, स्टँडर्ड एडिशन. आधीचा माणूस मेंटेनन्स प्लॅन लावून गेला होता: रात्री इंडेक्स (डेटा पटकन सापडावा म्हणून ठेवलेली सूची) रिबिल्ड, म्हणजे नव्याने बांधणं, त्यामागोमाग डेटाबेस श्रिंक, म्हणजे फाइल आवळून लहान करणं. म्हणजे साडीची घडी नीट घालायची आणि लगेच बोचक्यात कोंबायची. श्रिंक फाइलच्या शेवटची पानं, म्हणजे डेटाचे ठरावीक मापाचे तुकडे, उचलून पुढच्या मोकळ्या जागेत टाकतं. नुकताच लावलेला इंडेक्स परत विस्कटतो.

ते सगळं काढून मी ओला हॅलेनग्रेन या स्वीडिश डीबीएची (डेटाबेस सांभाळणाऱ्याची) मेंटेनन्स सोल्यूशन स्क्रिप्ट बसवली. एकच फाइल, चालवायला मिनिटही लागत नाही. बॅकअप, डेटाबेसची तपासणी आणि इंडेक्स यांच्या प्रोसीजर (साठवून ठेवलेले प्रोग्राम) तयार होतात, आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर एजंटचे जॉबही बनतात. मात्र त्या जॉबना वेळापत्रक नसतं! ते आपणच लावायचं. हे माझ्या लक्षात आलं चौथ्या दिवशी, बॅकअपचा फोल्डर रिकामा बघून.

दुसरी चूक त्याहून भारी. जुने बॅकअप किती काळ ठेवायचे, त्या क्लीनअपटाइममध्ये मी ३ लिहिलं, तीन दिवस समजून. तो आकडा तासांत असतो. आठवड्याने पाहिलं तर फोल्डरमध्ये काल रात्रीची एकच फुल बॅकअप फाइल. नशीब, व्हेरिफाय, म्हणजे बॅकअपची तपासणी, चालू ठेवलं होतं. नवा बॅकअप तपासून पास झाल्याशिवाय ही स्क्रिप्ट जुन्याला हात लावत नाही. आता तिथे ७२ आहे, आणि शेजारी मराठीत कॉमेंट: ‘तास! दिवस नव्हेत!’

इंडेक्सचं काम मात्र मला फार आवडलं. विस्कट ५ टक्क्यांच्या आत असेल तर सोडून देते, ५ ते ३० मध्ये रीऑर्गनाइझ (आहे तोच इंडेक्स नीट लावणं), त्यापुढे रिबिल्ड. हजार पानांपेक्षा, म्हणजे साधारण ८ एमबीपेक्षा, लहान इंडेक्सच्या वाटेला जात नाही. शाखांच्या यादीचं बारकं टेबल रोज रात्री घासण्यात काय अर्थ होता, देव जाणे. स्टँडर्डवाल्यांनी एक ध्यानात ठेवा: ऑनलाइन रिबिल्ड, म्हणजे टेबल वापरात असतानाच होणारं, आपल्याकडे नाही, त्यामुळे ते ऑफलाइन होतं आणि तोवर टेबल अडकून राहतं. आमचा जॉब रविवारी पहाटे असतो. आणि स्टॅटिस्टिक्स (क्वेरी कशी चालवायची हे ठरवायला सर्व्हर वापरतो ती डेटाची आकडेवारी) ही स्क्रिप्ट सांगितल्याशिवाय अपडेट करत नाही. तो पॅरामीटर मुद्दाम द्यावा लागतो.

कमांडलॉग टेबलसाठी वेगळे मार्क. कोणती कमांड कधी सुरू झाली, कधी संपली, काय एरर आली, सगळं ओळीने. ऑडिटर म्हणाले, “मॅडम, बॅकअप रोज होतो कशावरून?” मी एक क्वेरी चालवून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी चष्मा वर केला, तारखा बोटाने मोजल्या आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट एक्सप्रेस एडिशनमध्ये एजंट नसतो. तिथे विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून चालवावं लागेल.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो तासांसाठी, चूक माझी असली तरी. रिस्टोअरची सोय यात नाही, ते आपलं आपण करायचं. मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी काउंटरमागच्या जुन्या पीसीवर करून बघते. परवा ४० मिनिटं लागली, आणि मधेच शिपाईदादांनी त्याच बोर्डावर पाण्याची किटली लावली.