पावसाळी भूछत्रांचे छायाचित्रण: मोबाइल, जलरोधक कॉम्पॅक्ट की मॅक्रो लेन्स?

ताम्हिणी, आंबोली, भीमाशंकर किंवा गोव्यातील मोले येथील जंगलांत पावसाळ्यात उगवणारी भूछत्रे फ्लॅशशिवाय टिपायची असतील, तर साधन निवडण्याआधी तिथे प्रकाश किती असतो याचा हिशोब मांडावा. ढगाळ दिवशी दाट झाडीखाली आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधील छिद्राचे माप; आकडा लहान तसे छिद्र मोठे) एफ/८ ठेवल्यास शटर अनेकदा एक सेकंदाच्या आसपास उघडे ठेवावे लागते. तेवढ्याच प्रकाशात कॅमेरा हातात धरून १/१२५ सेकंदाचा वेग हवा असेल, तर अ‍ॅपर्चर एफ/४ आणि आयएसओ ३२०० करावे लागते. म्हणजे चित्रात दाणेदारपणा येतो आणि स्पष्ट दिसणारा भाग आणखी अरुंद होतो. पक्षी किंवा फुलपाखरू टिपणाऱ्याला हा तोटा सोसावाच लागतो. भूछत्र मात्र जागचे हलत नाही, त्यामुळे एका सेकंदाचे एक्स्पोजर आपल्याला जवळजवळ फुकट मिळते. म्हणून पुढील तिन्ही पर्याय मी प्रामुख्याने एकाच निकषावर तोलले आहेत: जमिनीपासून चार बोटे उंचीवर ते साधन किती स्थिर राहते.

मोबाइलची सर्वांत मोठी सोय म्हणजे त्याचा आकार. वाळवीच्या वारुळावर उगवलेल्या अळंबीच्या छत्रीखालच्या नाजूक पापुद्र्यांचे, म्हणजे गिल्सचे, छायाचित्र घेण्यासाठी मोबाइल उलटा करून लेन्स थेट जमिनीलगत नेता येते. मोठ्या कॅमेऱ्याने हेच करायचे तर चिखलात आडवे पडावे लागते, आणि आंबोलीत तसे पडणाऱ्याचे स्वागत जळवा करतात. अडचण पुढे येते. अनेक मोबाइल जवळच्या चित्रणासाठी आपोआप अल्ट्रावाइड, म्हणजे अतिरुंद कोनाच्या, कॅमेऱ्याकडे वळतात. त्याचा सेन्सर सहसा मुख्य कॅमेऱ्यापेक्षा लहान असल्याने अंधुक प्रकाशात ओल्या छत्रीचा पोत पुसट होतो, आणि तो लपवण्यासाठी सॉफ्टवेअर कडा कृत्रिमपणे धारदार करते. शक्य असेल तिथे आपोआप होणारा हा बदल बंद करावा, थोडे मागे सरकून मुख्य कॅमेऱ्याने चित्र घ्यावे आणि नंतर कापून घ्यावे. पोर्ट्रेट मोड तर टाळावाच, कारण बारीक दांडी आणि गिल्सच्या कडा ओळखताना तो हमखास चुकतो.

ऑलिम्पस टीजी-६ आणि २०२३ मध्ये आलेला ओएम सिस्टम टीजी-७ हे जलरोधक कॉम्पॅक्ट कॅमेरे या कामात अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तूही त्यांना स्पष्ट दिसते, आणि थोड्या थोड्या अंतराने फोकस बदलून घेतलेली चित्रे ते कॅमेऱ्यातच एकत्र जोडतात. पाऊस थांबण्याची वाट पाहावी लागत नाही, हा सह्याद्रीत मोठाच गुण आहे. पण सेन्सर १/२.३ इंच, म्हणजे आजच्या चांगल्या मोबाइलच्या मुख्य सेन्सरहूनही लहान आहे. शिवाय लेन्स विषयाच्या अगदी जवळ गेली की कॅमेऱ्याची सावली त्याच्यावर पडते आणि नैसर्गिक प्रकाशाचा हेतूच हरवतो. भर पावसात नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासकाला मी हा कॅमेरा सुचवेन. भिंतीवर लावण्याजोगे चित्र हवे असणाऱ्याला नाही.

९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून चित्र घेणारी, लेन्स आणि तिपाई ही जोडी चित्राच्या दर्जात सरळ पुढे आहे, मात्र ती संयम मागते. फुलफ्रेम (३६×२४ मिलिमीटरच्या) सेन्सरवर भूछत्र प्रत्यक्ष आकाराएवढे टिपले, तर एफ/८ वरही जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. तेच चतुर्थांश आकारात टिपले, तर ही खोली सुमारे एक सेंटिमीटर होते. बोटभर उंचीच्या अळंबीला दुसरा पर्याय पुरतो. मायसीना या नखाएवढ्या, नाजूक भूछत्रांसाठी मात्र फोकस सरकवत घेतलेली अनेक चित्रे जोडावी लागतात, आणि इथे वाऱ्याचा त्रास होतो, कारण जाड दांड्याची भूछत्रे स्थिर राहिली तरी मायसीनाची केसासारखी दांडी झुळकेनेही डोलते. अ‍ॅपर्चर एफ/१६ करून या कटकटीतून सुटता येईल असे वाटते. पण इतक्या जवळून विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र किंचित मऊ पडते. तिपाई घेताना मधला उभा दांडा नसलेली किंवा तो काढता येणारी घ्यावी, म्हणजे पाय पसरून ती जमिनीला टेकवता येते. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवावे.

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील, तर माझे मत स्पष्ट आहे: आधी तिपाई, मग लेन्स. चिमट्याने मोबाइल धरणारी बुटकी तिपाई आणि कमी आयएसओ, एवढ्यानेही हातात धरलेल्या महागड्या कॅमेऱ्याच्या तोडीचे चित्र मिळू शकते.

प्रकाश वळवण्याची साधने तिन्ही पर्यायांना सारखीच लागू पडतात आणि स्वस्तही आहेत. छत्रीचा वरचा भाग उजळ आणि गिल्स काळोखात, ही नेहमीची तक्रार पांढऱ्या जाड कागदाचा तुकडा खाली धरला की बरीचशी मिटते. चुरगळून पुन्हा पसरलेली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अधिक जोरकस प्रकाश देते, पण ओल्या पृष्ठभागावर तिचे ठिपके चमकतात. पानांतून ऊन आलेच, तर डोक्यावर धरायची पांढरी छत्री ऊन आणि भूछत्र यांच्या मध्ये धरावी. पोलरायझर ओली चकाकी कमी करून खरा रंग दाखवतो. त्याच्या बदल्यात दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश जातो, म्हणून तो तिपाईवाल्यांनीच वापरावा. झाडीखालच्या हिरवट प्रकाशात पांढरी अळंबी हिरवी दिसते, तेव्हा राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ठरवावा आणि पांढरा भाग फटफटीत होऊ नये म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावे.

ओळख पटवण्यासाठी चित्र घ्यायचे असेल, तर मोबाइलची चपळाई वरचढ ठरते, कारण त्यासाठी वरची बाजू, गिल्स, दांडीचा तळ आणि आधाराचे लाकूड किंवा माती अशी चार-पाच चित्रे लागतात. अभयारण्यात त्यासाठी भूछत्र उपटू नये. आणि कितीही स्पष्ट चित्र असले, तरी त्यावरून ते खाण्याजोगे आहे असे ठरवू नये.

रात्री भीमाशंकरच्या कुजक्या लाकडावर चमकणाऱ्या मायसीनासाठी मात्र तुलना एकतर्फी होते. तिथे भूछत्राचाच प्रकाश हा एकमेव प्रकाश असतो आणि तीस सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचे एक्स्पोजर लागते. हे काम तिपाईवरच्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचे आहे. फोकस उजेड असतानाच लावून स्वयंचलित फोकस बंद करावा, आणि सोबत्यांच्या विजेऱ्याही विझवायला सांगाव्यात.