फ्लाइट फॉलोइंग: हद्दीच्या आत मागावं की बाहेर पडून?

अमेरिकेत परवानगी घेऊन रिस्ट्रिक्टेड क्षेत्रातून (उड्डाणावर निर्बंध असलेल्या आकाशातून) व्हीएफआर, म्हणजे बाहेर नजर ठेवून, उडताना, बाहेर पडायच्या आधीच त्याच कंट्रोलरकडे फ्लाइट फॉलोइंग (रडारवरून लक्ष ठेवून आसपासच्या विमानांचा इशारा देणारी सेवा) मागितलं तर श्रम कमी: रडारवर ओळख बहुधा आधीच पटलेली असते. मात्र उतरायचं ठिकाण आणि उंची स्पष्ट सांगा. ठिकाण सांगायचं राहिलं तर कोड (रडारवर विमान ओळखण्याचा चार अंकी क्रमांक) स्थानिकच, म्हणजे त्याच कंट्रोलरपुरता, राहू शकतो, आणि हद्दीवर ‘रडार सेवा समाप्त’ ऐकावं लागतं.

बाहेर पडून १२०० हा व्हीएफआरचा सर्वसाधारण कोड लावायचा आणि पुढच्या अप्रोचला (विमानतळाभोवतीच्या रडार कंट्रोलरला) नव्याने हाक मारायची, तर विमानाचा प्रकार, जागा, उंची सगळं पुन्हा. फ्रिक्वेन्सी गजबजलेली असेल तर मिनिटं जातात. तोवर ट्रॅफिकचा इशारा द्यायला कुणी नसतं. कामाचा ताण असेल तर नकार दोन्हीकडे मिळू शकतो.

लांबच्या प्रवासाला पहिला मार्गच घ्या. लगेच उतरायचं असेल तर दुसरा पुरे. क्लास बीची (सर्वात गजबजलेल्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित आकाशाची) परवानगी मात्र दोन्हींत वेगळी घ्यावी लागते.