जेनेटिक समुपदेशन ओपीडी, पुण्यातलं एक कॅन्सर रुग्णालय: पाचपैकी साडेचार

इथे आधी वंशावळ काढतात, रक्त नंतर घेतात. माझ्या दादाला ४४व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. गाठीच्या तपासणीत एमएसएच२ आणि एमएसएच६ ही डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं दिसली नाहीत, म्हणून सर्जननी इकडे पाठवलं. समुपदेशक मॅडमनी तीन पिढ्यांची चौकशी केली. कोण कशाने गेलं, किती वयाचं असताना. आई गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेली हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी त्यावर ठळक खूण केली. पिशवी आणि आतडं यांचा संबंध असेल असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. लिंच सिंड्रोममध्ये, म्हणजे जीनमधल्या बदलामुळे घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरच्या धोक्यात, तो असतो.

दादाच्या रक्तात एमएसएच२ जीनमधला बदल सापडला. खरी किंमत वसूल झाली ती रिपोर्टनंतरच्या बैठकीत. दादाने विचारलं, "परत होईल का हो?" मॅडमनी आधी हे स्पष्ट केलं की जुन्या गाठीच्या पेशी उरून पुन्हा वाढणं वेगळं आणि राहिलेल्या आतड्यात नवा कॅन्सर होणं वेगळं. लिंचमध्ये या दुसऱ्याचा धोका आयुष्यभर राहतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आतड्याचा फक्त काही भाग काढलेल्या लिंच रुग्णांमध्ये असा नवा कॅन्सर होण्याचं प्रमाण १० वर्षांत १६ टक्के, २० वर्षांत ४१ टक्के आणि ३० वर्षांत ६२ टक्के निघालं. आकडे ऐकून वहिनी रडायला लागली. मॅडम घाई न करता थांबल्या आणि मग उपाय सांगितले: दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीतून तपासणी), पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावरचा कोंब दिसला की तिथल्या तिथे काढायचा. अ‍ॅस्पिरिनचा लिंचमध्ये फायदा दिसलाय, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करायची नाही, हेही बजावलं.

भावंडांमध्ये तो बदल असण्याची शक्यता निम्मी. माझी तपासणी त्या एकाच बदलापुरती झाली, त्यामुळे दादापेक्षा पुष्कळ कमी खर्च आला. माझ्यातही तो निघाला. मुलीची तपासणी मात्र ती सज्ञान झाल्यावर तिनेच ठरवायची, असं सांगितलं. मला ते फार पटलं.

मावसभावाने आम्हाला न विचारता एका कंपनीचं घरपोच किट मागवलं होतं. भलत्याच जीनमध्ये "अर्थ अनिश्चित" असा बदल आहे, एवढं सांगणारी पीडीएफ आली, समजावणारं कुणी नाही. पोरगा हादरला होता. इथे त्याला सांगितलं की अशा अनिश्चित बदलावर कोणताही उपचार ठरवत नाहीत. मग घराण्यातला बदल तपासला, तो त्याच्यात नाही.

अर्धा गुण कापला कारण नातेवाइकांना द्यायचं पत्र फक्त इंग्रजीत आहे. साताऱ्याच्या मावशीला मी ते फोनवर मराठीत समजावून सांगितलं. प्रत्येक घरात तसं करणारं कुणी असेलच असं नाही.

जाताना गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, जुन्या डिस्चार्ज कार्डांच्या झेरॉक्स आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांची आजारपणं वयासकट लिहून न्या. आजोळचीसुद्धा.