डिकीतली उष्णता: आतून अस्तर की खालून पत्रा?

टोयोटा एमआर२ किंवा लोटस एलिस यांसारख्या गाड्यांत इंजिन प्रवाशांच्या पाठीमागे असते आणि डिकी त्याच्याही मागे. पुढे इंजिनाची भिंत आणि तळाखाली सायलेन्सर, अशा जागी ठेवलेले सामान तापणारच. तरीही ही उष्णता बरीच कमी करता येते. प्रचलित उपाय दोन आहेत: डिकीच्या तळाला आतून चिकटवायचे उष्णतारोधक अस्तर आणि सायलेन्सर व तळ यांच्यामध्ये खालून बसवायचा ॲल्युमिनियमचा पत्रा. मी हे दोन्ही एकाच गाडीत वापरून पाहिले आहेत.

अस्तराची बाजू पहिल्यांदा भक्कम वाटते. गाडी उचलावी लागत नाही, कात्रीने हवा तसा आकार कापता येतो आणि मागून येणारा आवाजही थोडा दबतो. मात्र घेताना एक फरक ध्यानात ठेवावा. ब्यूटाइल या रबराचे जड पत्रे कंपन शोषण्यासाठी असतात, उष्णता अडवण्याचे काम त्यांच्याकडून फारसे होत नाही. त्यासाठी फोमचा थर लागतो. शिवाय चकचकीत बाजू परावर्तन करते ती तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. तीच बाजू तळाला किंवा गालिच्याला चिकटून बसली, की उष्णता थेट स्पर्शाने पुढे सरकते आणि चकाकीचा उपयोग उरत नाही.

गाडी धावत असताना अस्तराने मला निराश केले नाही. अडचण सुरू होते ती इंजिन बंद केल्यावर. खालून वाहणारा वारा थांबतो, सायलेन्सर मात्र तापलेलाच असतो, आणि ती सगळी धग वर चढत राहते. डिकीचा तळ तापतो, त्याला चिकटलेला गोंद तापतो, आणि गोंदाचा वास बंद डिकीत कोंडला जातो. पत्रा निवडण्याच्या माझ्या निर्णयाचे खरे कारण हा वासच ठरला. गालिच्याचा कोपरा उचलला तेव्हा काळा थर मऊ होऊन तार धरत होता आणि कापडी पिशवीच्या तळाला चिकटला होता. पिशवीतल्या कपड्यांचा वास धुतल्यावरही पूर्ण गेला नाही. अधिक तापमान सोसणारा गोंद वापरणाऱ्यांचा अनुभव कदाचित बरा असेल, हे मान्य करतो.

पत्रा उष्णतेला तळापर्यंत पोहोचण्याआधीच अडवतो. स्वच्छ, चकचकीत ॲल्युमिनियम आपल्यावर पडलेल्या उष्णकिरणांपैकी सुमारे ९५ टक्के परत फेकते, आणि तापलेल्या सायलेन्सरकडून येणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा किरणांचाच असतो. पत्रा आणि तळ यांच्यात बोटभर फट हवी व ती पुढे-मागे उघडी हवी, म्हणजे मधली गरम हवा निघून जाते. सायलेन्सर रबरी टांगण्यांवर हलतो, त्यामुळे त्या बाजूलाही पुरेशी जागा सोडावी लागते. बसवणे कष्टाचे आहे, हे खरे; गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी लागते, आणि सुरुवातीला इंजिन कमी फेऱ्यांवर फिरताना पत्रा खडखडतो. कडा दुमडून आणि बोल्टखाली रुंद वॉशर घालून माझा खडखडाट थांबला. लोखंडी बोल्ट व ॲल्युमिनियम यांच्या जोडावर ओलाव्याने गंज धरतो, म्हणून ते जोड अधूनमधून तपासावेत. एवढे केल्यावर लांबच्या प्रवासानंतरही डिकीच्या तळावर तळहात निवांत टेकवता येतो. अस्तराच्या दिवसांत तो काही क्षणांत उचलावा लागे.

एक्झॉस्ट पाइपाला पट्टी गुंडाळण्याचा सल्लाही दिला जातो. पाइपात कोंडलेली उष्णता पुढे सायलेन्सरमध्येच, म्हणजे नेमकी डिकीखाली पोहोचते, आणि ओली राहिलेली पट्टी पाइपाला गंजवते. त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही.

ठरवण्यापूर्वी प्रवास संपवून गाडी थोडा वेळ उभी ठेवावी आणि डिकीत हात फिरवून पाहावा. इंजिनाकडची भिंतच अधिक तापत असेल, तर तिथे अस्तर लावणे समजण्यासारखे आहे, कारण त्या अरुंद जागेत पत्रा बसवणे सहसा जमत नाही. ते शक्यतो चिकटवण्याऐवजी क्लिपांनी धरावे. तळ तापत असेल, तर गाडी उचलण्याचे कष्ट घ्यावेत, असे मी सुचवेन.