घाटात गाडी ओढेना म्हणून ओबीडी स्कॅनर घेतला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारी छोटी डबी, गेल्या ऑक्टोबरात घेतला, आता जून लागलाय, म्हणजे आठ महिने झाले आणि तेवढ्यात तो दोन गाड्यांना लावून झाला, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर "कोड वाचतो, भारी आहे" एवढंच लिहिलं असतं आणि ते चुकीचं झालं असतं, कारण कोड वाचणं, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेला बिघाडाचा नंबर वाचणं, हाच त्याचा सगळ्यात कमी कामाचा भाग निघाला, निदान माझ्या गाडीला तरी.

आधी गाडीचं सांगतो. २०१२ ची डिझेल सेडान, टर्बोची (म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), कॉमन रेलची (म्हणजे सगळ्या इंजेक्टरला एकाच नळीतून दाबाचं डिझेल), १ लाख ४६ हजार किलोमीटर झालेली. सोलापुरात एकदम व्यवस्थित चालायची. पण सोलापुरात चढ आहेच कुठं? रेल्वेवरचे पूल सोडले तर सगळं गाव सपाट, जुळे सोलापूरहून नवी पेठेत जा नाहीतर होटगी रोडला जा, गाडीला जोर लावायची वेळच येत नाही. एकदा आईला घेऊन तुळजापूरला निघालो, तामलवाडीपर्यंत काही नाही, ८० ला गाडी आरामात, आणि घाट लागला तशी गाडी बसलीच. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, पाय पार तळाला टेकलाय तरी काटा चाळीसच्या पुढं जाईना, आरशात बघतो तर मागं काळा धूर. मागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय, आई म्हणते "परत फिरू या का रे", आणि त्या अरुंद वळणावर फिरायचं तरी कुठं. कसंबसं वर पोचलो. आईने देवीला काय मागितलं माहीत नाही, मी तरी उतरताना आणि पुन्हा चढताना गाडी सुखरूप राहू दे एवढंच मागितलं.

त्यानंतर गॅरेजच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्याने डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलला, अक्कलकोट रोडपर्यंत ट्रायल मारून आला आणि म्हणाला "ओके आहे की मालक". सपाट रस्त्यावर ओके असणारच. दुसऱ्याने ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, खोलून साफ केला, कार्बन खरंच खूप निघाला, वाटीभर, मला वाटलं हेच असणार, पण घाटात परत तेच. तिसऱ्याने इंजिनचा आवाज ऐकला, धूर बघितला आणि सांगितलं टर्बो गेला, २८ हजार. तोपर्यंत माझे सहा हजार चारशे गेले होते आणि गाडी होती तिथंच होती. मी त्या लोकांना वाईट म्हणत नाही, घाट गॅरेजपासून ४० किलोमीटर लांब आहे, जो बिघाड त्यांना दिसतच नाही तो ते अंदाजानेच काढणार. पण अंदाजाचे पैसे माझ्या खिशातून जात होते.

तेव्हा हा स्कॅनर मागवला. १,३५० रुपये, ब्लूटूथचा, ईएलएम ३२७ प्रकारातला, आकाराने काडेपेटीएवढा. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं त्यात बसतो, फोनला १२३४ टाकून जोडायचा, आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर असलं एखादं ॲप घ्यायचं. अँड्रॉईडवर लगेच जोडला गेला. घरातल्या आयफोनला मात्र जोडलाच जाईना, कारण हा जुन्या ब्लूटूथचा आहे, आयफोनवाल्यांनी वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा घ्यावा, नाहीतर परत करायची कटकट.

जोडला, कोड वाचायला लावले, आणि उत्तर आलं की एकही कोड नाही. खरं सांगतो, त्या दिवशी पैसे वाया गेले असं वाटलं. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नव्हताच, मग कोड कुठून असणार. नंतर कळलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कोड टाकतो तो आकडा ठराविक मर्यादेच्या बाहेर ठराविक वेळ राहिला तरच, आणि जुन्या गाड्यांत ती मर्यादा बरीच ढिली असते. म्हणजे गाडी आजारी असते पण नोंद नसते.

खरं काम लाईव्ह डेटाने, म्हणजे गाडी चालू असताना दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांनी केलं, आणि त्यातही दोनच आकड्यांनी. एक मॅप, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, दुसरा रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला मिळणाऱ्या डिझेलचा दाब. डिझेल इंजिनाला ताकद पाहिजे तर हवा पाहिजे आणि डिझेल पाहिजे. चढावर दोन्हीची मागणी एकदम वाढते, आणि दोनपैकी कोण कमी पडतंय हे कळलं की निम्मी शोधाशोध तिथंच संपते.

आधी चावी ऑन करून इंजिन बंद ठेवून मॅप बघितला, ९५ केपीए (किलोपास्कल, १०० म्हणजे एक बार). हे बरोबर आहे, कारण इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो आणि सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. हे प्रत्येकाने आधी करावं. इथंच आकडा ७० किंवा १२० आला तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढचं सगळं मोजणं फुकट.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, म्हणून ती होऊ दिली आणि मग एका बुधवारी सकाळी भाच्याला शेजारी बसवून निघालो. चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतो, घाटात तर नाहीच नाही. भाचा आकडे वाचत होता आणि ॲपमध्ये रेकॉर्डिंगही चालू होतं. घाट लागला, तिसरा गिअर, अडीच हजार आरपीएम, पाय पूर्ण खाली. भाचा म्हणतोय, "एकशे बावीस... एकशे सव्वीस... एकशे अठ्ठावीस... मामा, ह्याच्या पुढं सरकतच नाही." रेल प्रेशर? "एक लाख बावीस हजार." ते केपीएमध्ये असतं, म्हणजे बाराशे बारच्या वर. डिझेल भरपूर येत होतं. हवा येत नव्हती. १२८ मधून बाहेरचे ९५ वजा केले तर टर्बोने दिलेला दाब फक्त ३३, म्हणजे एक तृतीयांश बार. असल्या टर्बो डिझेलने पूर्ण पाय दिल्यावर एक बारच्या आसपास द्यायला पाहिजे.

काळ्या धुराचाही उलगडा झाला. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो, तो मोजतो भरपूर हवा, ईसीयू तेवढं डिझेल सोडतो, आणि हवा मधेच कुठंतरी बाहेर निघून जाते. मग डिझेल जास्त, हवा कमी, काळा धूर.

हा ग्राफ घेऊन विजापूर रोडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर करून ग्राफ बघितला, आणि एवढंच विचारलं, "रेल नीट हाय का?" मी म्हटलं, हो उस्ताद, रेल बरोबर चढतंय. "मग टर्बोला हात नको लावू आत्ता." त्यांनी आधी इंटरकूलरकडून, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडून, इंजिनाकडे जाणारा रबरी होज तपासला. वरून एकदम धडधाकट दिसत होता. त्यांनी खालच्या बाजूला बोटं फिरवली आणि बोटं काळी तेलकट होऊन बाहेर आली. क्लॅम्पपासून दोन बोटं पुढं, खालच्या अंगाला, जिथं डोळा पोचत नाही तिथं, ओली धूळ रेषेत चिकटलेली होती. होज काढून दोन्ही हातांनी वाकवला तशी ती रेष ओठासारखी उघडली, चांगली दीड इंच. सोडला की बंद. म्हणजे गाडी उभी असताना, सपाट रस्त्यावर हळू चालताना ती चीर मिटलेली, आणि घाटात टर्बोने दाब दिला की उघडायची आणि हवा सगळी बाहेर. मग टर्बोकडे हवा नेणारा पाईप काढून टर्बोचा पंखाही हाताने हलवून दाखवला, आत-बाहेर ढिलेपणा अजिबात नाही. होज ११८० रुपये, मजुरी ४००.

दुसऱ्या दिवशी तोच घाट, तोच गिअर, तोच भाचा. १९६. भाचा ओरडलाच. वर देवळाजवळच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करून चावी ऑन केली तर मॅप ९३ दाखवत होता, सोलापूरपेक्षा उंची वाढली तेवढा दाब कमी झाला. इतक्या बारीक फरकावर सेन्सर बरोबर आहे हे बघून मला फार समाधान वाटलं.

नंतर एक गोष्ट कळली ती आधी कळली असती तर घाटाच्या फेऱ्या वाचल्या असत्या. सपाट मोकळ्या हायवेवर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १८०० आरपीएमवरून पाय पूर्ण दिला तर इंजिनवर जवळपास चढासारखाच लोड येतो. मागंपुढं वाहन नसताना दहा सेकंद पुरतात. आरपीएम पळतोय आणि स्पीड वाढत नाही असं त्याच वेळी दिसलं तर क्लच घसरतोय, इंजिनचा दोषच नाही. एका गिअरमध्ये आरपीएम आणि स्पीड यांचं प्रमाण ठरलेलं असतं, ते बिघडलं की क्लच.

मला वाटलं संपलं. मे महिन्यात परत गाडी घाटात बसली, ४३ डिग्रीत, आणि यावेळी चेक इंजिनही पेटला. लक्षण तेच, म्हणून मी आधी होजच चाचपला, पण धूर अजिबात नव्हता हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. यावेळी कोड आला, पी ००८७, रेल प्रेशर कमी. लाईव्हमध्ये हवा व्यवस्थित, १९० च्या वर जात होती, रेल मात्र साडेसातशे बारवर अडकून खाली येत होतं आणि मग गाडी स्वतःच ताकद कापत होती. बंद करून चालू केली की थोडा वेळ बरी. उस्तादांनी डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन खोलला, तर बाटलीत आधी तांबूस पाणी आलं आणि मग डिझेल. फिल्टर सात महिन्यांपूर्वीच बदललेला होता, पण मधे एकदा टाकी पार रिकामी होईपर्यंत चालवली होती आणि तळाचा गाळ वर आला असणार. नवा फिल्टर टाकला, डिझेलच्या लाईनमधली हवा काढली, रेल परत बाराशेवर. एकच गाडी, एकच घाट, एकच तक्रार, आणि कारणं दोन वेगळी. स्कॅनर नसता तर मी दुसऱ्यांदा नक्की टर्बोवर पैसे घातले असते.

दुसरी गाडी मेव्हण्याची, २०११ ची पेट्रोल. पेट्रोलला रीडिंग वेगळी बघायची, तिथं फ्युएल ट्रिम बघायचा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय ते. त्याचा लाँग टर्म ट्रिम आयडलला ठीक होता आणि जोर लावला की अधिक १८-२० पर्यंत जायचा, म्हणजे लोडवर पेट्रोल कमी पडतंय. हेच उलटं, आयडलला जास्त आणि रेसवर कमी असतं, तर हवेची गळती शोधायची. टाकीतला पंप आणि जाळी बदलल्यावर गाडी सुधारली. वडिलांच्या जुन्या जीपला मात्र सॉकेटच नाही, तिथं हा स्कॅनर निरुपयोगी. २०१० च्या आधीची गाडी असेल तर घेण्याआधी खाली वाकून सॉकेट आहे का बघा.

आता ह्या वस्तूतले दोष. सगळ्यात मोठा म्हणजे सॉकेटला करंट कायम चालू असतो, चावी काढली तरी. डिसेंबरात आठ दिवस गाडी उभी होती, स्कॅनर लावलेलाच राहिला, बॅटरी बसली. काढून ठेवायची सवय लावा. दुसरं, हा एका वेळी एकेकच आकडा विचारतो, दहा मीटर स्क्रीनवर लावले तर प्रत्येक आकडा दोन-दोन सेकंद मागं पडतो आणि घाटातल्या एका वळणात काहीच कळत नाही. तीन-चारच ठेवा, मॅप, रेल, आरपीएम, स्पीड. तिसरं, तो स्टिअरिंगखाली बाहेर आलेला राहतो, क्लच दाबताना गुडघा लागतो, एकदा घाटातच सुटला आणि रेकॉर्डिंग तिथंच थांबलं. उन्हात गाडी उभी करून करून केसचा जोडही सुटलाय, मी रबरबँड लावलाय. आणि कोड पुसायचं बटण असतं त्याला गॅरेजमध्ये नेण्याआधी हात लावू नका, कोडसोबत त्या क्षणाचे आकडेही साठलेले असतात ते पण जातात.

घ्यावा का? दहा-बारा वर्षांची गाडी असेल, सॉकेट असेल, आणि जवळ आकडे समजून घेणारा मेकॅनिक असेल तर नक्की घ्या. मेकॅनिक महत्त्वाचा. आकडा मला १२८ दाखवत होता, चीर उस्तादांच्या बोटांना सापडली.

सध्या एका गोष्टीवर लक्ष ठेवून आहे. मेच्या उन्हात घाट चढून वर गेलं की पाण्याचं तापमान १०२ पर्यंत जातंय, हिवाळ्यात ते ९२ च्या पुढं गेलं नव्हतं. एसी बंद केला की दोन मिनिटांत खाली येतं. रेडिएटरच्या पुढं बघितलं तर जाळीत कडबा आणि धूळ बसलीय. या आठवड्यात उस्तादांकडे बाहेरून धुवून घेणार आहे, मग भाच्याला घेऊन परत त्याच वळणाला आकडा बघतो.