जुन्या संगणकाला स्वॅप कुठे द्यावा: डिस्कवर, झेडरॅममध्ये की झेडस्वॅप लावून?

जून लागला की चोपडा, शहादा, रावेर, पाचोरा इथल्या सेवा केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. दाखले, प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, त्यामागोमाग खरिपाचा पीकविमा. बाहेर रांग आणि टेबलावर ४ जीबी रॅमचा जुना संगणक. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, सोबत स्कॅनर, एखादी जड पीडीएफ. मध्येच माउसचा बाण जागेवर थिजतो आणि डिस्कचा दिवा जळतच राहतो.

अशा संगणकावर लिनक्स टाकणारे हमखास विचारतात, "स्वॅप किती ठेवू?" स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडली की तिच्यातला माल हलवून ठेवायची जागा. आकड्याआधी ती कुठे ठेवायची ते ठरवा, असं मी आग्रहाने सांगतो. जागा चुकली तर आकडे कितीही बदला, संगणक अडकायचा तो अडकतोच.

कर्नलला नेमकं काय हलवायचं असतं

साध्या पीसीवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरी ४ केबीच्या पानांत सांभाळतो. पानं दोन जातीची. एक फाइलमधून आलेली: प्रोग्रामचा कोड, वाचलेली कागदपत्रं. त्यांची मूळ प्रत डिस्कवर असते, म्हणून ती बिनदिक्कत टाकून देता येतात. दुसरी अनामिक पानं: अर्धवट भरलेला अर्ज, उघडलेल्या टॅबचा पसारा. त्यांची प्रत कुठेच नसते, त्यामुळे रॅमबाहेर जायला त्यांना स्वॅपशिवाय दुसरी जागा नाही.

एवढं लक्षात घेतलं की "स्वॅप बंदच करून टाका, संगणक पळतो" हा सल्ला का घातक आहे ते कळतं. स्वॅप नसेल तर अनामिक पानं रॅममध्ये अडकून बसतात. रॅम भरत आली की कर्नल उरलेल्या जातीवर, म्हणजे प्रोग्रामच्या कोडवर हात टाकतो. चालू ब्राउझरचाच कोड फेकायचा, पुढच्या क्षणी तो डिस्कवरून परत वाचायचा, पुन्हा फेकायचा. स्वॅप शून्य असूनही डिस्कचा दिवा जळत राहतो तो यामुळे. आगीतून फुफाट्यात. ३२ जीबीच्या यंत्रावर हे कदाचित कधी जाणवणार नाही, ४ जीबीवर पहिल्याच आठवड्यात जाणवेल.

फिरत्या हार्ड डिस्कवरचा स्वॅप

फिरती डिस्क विखुरलेली वाचनं सेकंदाला साधारण शंभरच्या आसपास करते. लिनक्स स्वॅपमधून एका वेळी ८ पानं, म्हणजे ३२ केबी उचलतो. पेज-क्लस्टर या सेटिंगची मूळ किंमत ३ असते आणि २ चा तिसरा घात ८. आता ३०० एमबीचा एखादा टॅब पूर्ण बाहेर गेला आणि त्याची पानं विखुरलेली असली तर साडेनऊ हजारांवर वाचनं लागतील. म्हणजे दीड मिनिट. रांगेतला माणूस दीड मिनिट थांबेल, पण तोवर पोर्टलचं सत्र संपून अर्ज पहिल्यापासून भरावा लागेल.

म्हणून रोजच्या धावपळीसाठी फिरत्या डिस्कवरचा स्वॅप मी सुचवत नाही. त्याचा खरा उपयोग हायबरनेशनला, म्हणजे चालू काम डिस्कवर गोठवून संगणक बंद करायला, त्याबद्दल पुढे येईलच.

झेडरॅम

झेडरॅम रॅमच्या आतच एक आभासी डिस्क तयार करतो आणि तिच्यात पानं दाबून ठेवतो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये सुट्या कापसाची गाठ बांधली की तोच माल कमी जागेत मावतो, तसं. कर्नलचं दस्तऐवजीकरण साधारण दोनास एक दाब धरून चालतं. ४ जीबी रॅमवर ४ जीबीचा झेडरॅम केला आणि तो पूर्ण भरला, तर त्याने २ जीबी रॅम व्यापलेली असेल आणि २ जीबी मोकळ्या वापराला राहील. म्हणजे ४ जीबीत ६ जीबीचं काम. आधीच दाबलेला डेटा, जसे व्हिडिओ किंवा झिप, फारसा दबत नाही हेही लक्षात ठेवा.

हे काही कच्चं तंत्र नाही. २०१४ मध्ये ३.१४ आवृत्तीत झेडरॅम मुख्य कर्नलमध्ये पक्का झाला. अँड्रॉइड फोन आणि क्रोमबुक तो वापरतात, आणि फेडोरा या लिनक्सने २०२० मधल्या ३३ व्या आवृत्तीपासून तो मूळ स्वॅप म्हणून दिला आहे.

किंमत मोजावी लागते ती प्रोसेसरला. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा "प्रोसेसरवर आणखी भार कशाला?" असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. दोन कोअरच्या जुन्या यंत्रावर दाबण्याच्या पद्धतींपैकी एलझेड४ किंवा एलझेडओ-आरएलई निवडा. दाब थोडा कमी, पण काम हलकं. झेडएसटीडी जास्त दाबतो आणि जास्त राबवतोही, तो नव्या प्रोसेसरसाठी ठेवा. आणि उन्हाळ्याआधी पंख्यातली धूळ काढाच, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि मग कुठलीच सेटिंग कामाची राहत नाही.

झेडरॅमला एक खोड आहे. तो भरला की आत शिरलेली जुनी, थंड पानं आपणहून बाहेर पडत नाहीत. पाठीमागे डिस्कचा स्वॅप दुय्यम म्हणून लावला असेल तर नवी, लगेच लागणारी पानं डिस्कवर जातात आणि कुणाला नको असलेली रॅममध्ये आरामात बसतात. म्हणून फिरत्या डिस्कच्या यंत्रावर एकटा झेडरॅम लावा आणि जोडीला अर्लीऊम हा राखणदार प्रोग्राम. उपलब्ध रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तो सर्वांत जड प्रोग्राम बंद करायला घेतो. मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा स्वतःचा ऊम-किलर इतका उशिरा जागा होतो की तोवर माणूस बटण दाबून संगणक बंद करून मोकळा झालेला असतो.

झेडस्वॅप

नावं जुळी असली तरी काम वेगळं. झेडस्वॅपला मागे खरा डिस्क-स्वॅप लागतोच. डिस्ककडे निघालेलं पान तो आधी रॅममधल्या दाबलेल्या साठ्यात ठेवतो. साठ्याची मूळ मर्यादा रॅमच्या २० टक्के. साठा भरला की सर्वांत थंड पानं डिस्कवर पाठवतो, गरम जवळ ठेवतो. झेडरॅमची वर सांगितलेली खोड इथे नाही, आणि एसएसडीवरचं लिखाणही कमी होतं.

८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या लॅपटॉपला मी डोळे झाकून हाच सांगतो. कारण आपल्याकडची वीज. यूपीएसवरचा संगणक असो की बॅटरी उतरलेला लॅपटॉप, हाती चार-पाच मिनिटं असताना काम आहे तसं डिस्कवर गोठवून ठेवता येणं ही मोठी सोय आहे. हायबरनेशनला डिस्कवर जागा हवीच, झेडरॅमवर ते होत नाही. स्वॅप रॅमइतका ठेवला की निर्धास्त राहता येतं. स्वॅप फाइलवर करायचं तर फाइलची डिस्कवरची जागाही कर्नलला कळवावी लागते. नवशिक्याला वेगळं पार्टिशन सोपं जातं. सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर मात्र बऱ्याच लिनक्समध्ये कर्नल हायबरनेशनच नाकारतो, ते आधी तपासा.

झेडरॅम आणि झेडस्वॅप एकाच वेळी चालू ठेवू नका. एकाच पानाला दोनदा दाबण्यात काही हशील नाही.

स्वॅपिनेसचा आकडा

स्वॅपिनेस ही कर्नलची सेटिंग, तिची मूळ किंमत ६०. "६० म्हणजे रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू" हा समज सगळीकडे पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. हा आकडा फक्त दोन खर्चांची तुलना सांगतो: अनामिक पान स्वॅपमध्ये टाकणं महाग की फाइलचं पान टाकून पुन्हा वाचणं महाग. १०० म्हणजे दोन्ही सारखे. ५.८ आवृत्तीपासून मर्यादा २०० पर्यंत आहे, ती झेडरॅमसारख्या वेगवान स्वॅपसाठीच. झेडरॅम असेल तर १५० ते १८० ठेवा आणि पेज-क्लस्टर ०, कारण इथे डिस्कची सुई हलवायची नाही, आठ पानं एकदम उचलण्यात फायदा नाही. एसएसडी आणि झेडस्वॅपला मूळचे ६० चालतात. जागा ठरवण्याआधी १० करू की ३० यात डोकं घालू नका.

दुकानाचा किंवा बागेचा हिशेब ठेवणारा सर्व्हर

केळीचा व्यापारी, डाळ मिल, पतपेढी अशा ठिकाणी एखादा संगणक डेटाबेस घेऊन दिवसरात्र चालतो. तिथे वेगापेक्षा डेटाबेस मध्येच मारला न जाणं महत्त्वाचं. लिनक्स मुळात अंदाजाने, हातात नसलेल्या मेमरीचाही शब्द देतो; शब्द पाळता आला नाही की कुणाचातरी बळी घेतो. ओव्हरकमिट-मेमरी ही सेटिंग २ केली की तो मोजूनच शब्द देतो: स्वॅप अधिक रॅमचा ठरलेला टक्का. टक्का मुळात ५०. ८ जीबी रॅम आणि ४ जीबी स्वॅप असेल तर मर्यादा ८ जीबी. टक्का ८० केला तर १०.४ जीबी. स्वॅप न ठेवता आणि टक्का न बदलता हे लावलं तर प्रोग्रामना ८ पैकी ४ जीबीच मिळतील आणि रॅम असूनही "मेमरी नाही" असा निरोप येईल.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या दस्तऐवजात २ ची शिफारस आहे. रेडिस हा डेटाबेस मात्र १, म्हणजे न मोजता शब्द देणं, मागतो, कारण डेटा जतन करताना तो स्वतःची प्रत काढतो. ब्राउझर आणि जावाचे प्रोग्राम मागतात फार, वापरतात थोडं. म्हणून सेवा केंद्राच्या संगणकावर २ नको.

शाळेच्या लॅबला ओव्हरकमिटच्या या आकड्यांपेक्षा सिस्टमडीच्या (लिनक्समधले प्रोग्राम सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) मर्यादा बऱ्या. 'मेमरी-हाय' ओलांडली की त्या प्रोग्रामचा वेग आवळला जातो, 'मेमरी-मॅक्स' गाठून जागा मोकळी झाली नाही की मारणं त्याच गटापुरतं राहतं. एका मुलाच्या चुकलेल्या लूपने इतरांचं काम जात नाही.

विंडोज सोडायचं नसेल तर

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे अनेकांना विंडोजच लागतं. तिथे निवड थोडक्यात आटपते. विंडोज १० पासून मेमरी दाबण्याची सोय आतच आहे. पेजफाइल सिस्टीमच्या हवाली ठेवा, एसएसडीवर ठेवा, बंद करू नका. विंडोज रॅम आणि पेजफाइल मिळून जेवढी होते त्यापलीकडे शब्दच देत नाही, त्यामुळे पेजफाइल काढली की मर्यादा थेट खाली येते.

बदल केल्यावर काय पाहायचं

गर्दीच्या वेळी व्हीएमस्टॅट ही आज्ञा एक-एक सेकंदाने चालवून 'एसआय' (स्वॅपमधून आत आलेलं) आणि 'एसओ' (स्वॅपमध्ये गेलेलं) हे दोन रकाने बघा. स्वॅप भरलेला दिसतो म्हणून घाबरू नका. थंड पानं तिथे पडून असणं चांगलंच. डिस्कच्या स्वॅपवर 'एसआय' सतत वाहत असेल तर मात्र यंत्र दमलं आहे. झेडरॅमवर हे आकडे मोठे दिसले तरी चालतं, तिथे मेमरीवरच्या ताणाची फाइल (/proc/pressure/memory) बघा, ४.२० पासून कर्नल त्यात प्रोग्राम मेमरीसाठी किती टक्के वेळ खोळंबले ते सांगतो. 'फुल' ओळीतला, म्हणजे सगळेच प्रोग्राम एकदम खोळंबल्याचा, आकडा कामाच्या वेळी दोन-तीन टक्क्यांवर टिकून राहिला तर सेटिंग पुरे, रॅम वाढवा. जुन्या यंत्राला बहुधा डीडीआर३ जातीची रॅम लागते. जळगावच्या गोलाणी मार्केटला जाण्याआधी मदरबोर्डवर मोकळा स्लॉट आहे का आणि आतली पट्टी १.५ व्होल्टची आहे की १.३५ ची, ते लिहून घ्या. काही लॅपटॉप १.३५ वाल्याच पट्ट्या घेतात.