पाच कंदीलजवळचं सुट्या चहाचं दुकान: बीपी-डस्ट घ्या, दार्जिलिंग राहू द्या

ज्यांना लांबण नको त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. घरी दूध-साखर घालून उकळलेला चहा होत असेल, तर इथून तीन भाग बीपी (जाड दाण्याची पत्ती) आणि एक भाग डस्ट (सगळ्यात बारीक पत्ती) असं मिसळून घ्या. किलोला चारशेच्या आत पडते, आणि धुळ्यात या भावात इतका ताजा माल मला तरी दुसरीकडे मिळालेला नाही. काचेच्या बरणीतलं दार्जिलिंग मात्र घेऊ नका. ज्यांना वेळ आहे त्यांनी आता बसा.

दुकान पाच कंदीलच्या मागच्या बोळात आहे. नाव लिहीत नाही, कारण शेठनीच हात जोडले. म्हणाले, "भाऊ, गर्दी नको, तोलायला मी एकटा." पाटी असून नसल्यासारखी. 'चहा' ही दोन अक्षरं वाचता येतात, बाकीचा रंग उन्हाने खाल्लाय. आत पत्र्याचे उंच डबे आणि प्रत्येकावर खडूने लिहिलेलं: बीपी, जून. पीएफ, जून. डस्ट, ऑगस्ट. या दुकानात जाण्याचं खरं कारण म्हणजे हे खडूचं लिखाण. बाकी बाजारात 'स्पेशल', 'गोल्ड', 'रॉयल', 'हॉटेल स्पेशल' अशी नावं आणि पुढे भाव. पत्ती कसली, कोणत्या महिन्यातली, असं विचारलं की "एकदम कडक आहे साहेब" एवढंच उत्तर मिळतं.

मी शिंदखेडा तालुक्यातला. आमच्याकडे समुद्र भूगोलाच्या पुस्तकातच, पण माझी नोकरी सगळी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली. मोंबासा, कोलंबो, चितगाव ही चहा पिकवणाऱ्या देशांची बंदरं. जहाज धक्क्याला लागलं की मी आधी चहाची टपरी शोधायचो. त्यामुळे आपल्या लोकांचा एक समज ऐकला की राहवत नाही. डस्ट म्हणजे कचरा, झाडलोट! चहाच्या बाबतीत श्रेणी म्हणजे चाळणी, दुसरं काही नाही.

कारखान्यात पान आधी कोमेजू देतात. मग दातेरी रुळांच्या जोड्यांमधून काढतात. दोन रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यात पान चिरडतं, फाटतं आणि त्याची गोळी वळते. ही सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली आणि आज आपल्या देशातला बहुतेक चहा तिनेच होतो. मग तो चुरा हवेवर ठेवला की हिरव्याचा तांबूस होतो, गरम हवेत वाळला की काळा. शेवटी हलत्या जाळ्या. जाड दाणा वर राहतो तो बीपी, म्हणजे ब्रोकन पेको. त्याहून बारीक तो पीएफ, पेको फॅनिंग्ज. अगदी खाली उतरते ती डस्ट. एकाच बागेच्या, एकाच दिवशी खुडलेल्या पानातून तिन्ही निघतात. पान निब्बर असेल तर त्याची बीपीही पाणचट, आणि कोवळ्या पानाची डस्ट झणझणीत. बारीक पत्ती पाण्यात लवकर उतरते, रंग पटकन धरते, थोडक्यात जास्त कप होतात. म्हणून हॉटेलवाले डस्ट नेतात. तिला बरकत आहे. सुगंध जाड दाण्यात जास्त टिकतो, पण त्याला उकळीत वेळ द्यावा लागतो. दोन्ही हवं असेल तर मिसळ करायची, एवढं साधं गणित.

शेठ हे गणित शब्दात सांगत नाहीत, करून दाखवतात. पांढऱ्या कागदावर पितळी चमच्याने बीपी ओतली आणि बोटाने पसरली. दाणे काळेभोर, सारखे. मध्ये तांबूस काड्या नाहीत, तूस नाही. शेजारी मुद्दाम स्वस्तातला माल ओतला. त्यात काड्याच काड्या. मग दुसरा कागद ओला करून त्यावर चिमूटभर पत्ती टाकली आणि थोड्या वेळाने नळाखाली धुतली. कागद उजेडासमोर धरला. रंग चढवलेली पत्ती असेल तर डाग राहतात, इथे कागद कोराच होता. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते, आणि दुकानदार स्वतःहून करून दाखवतो तेव्हा निम्मा विश्वास तिथेच बसतो.

चव बघायला मागे छोटी शेगडी आहे. दोन काचेचे ग्लास. एकात बिनदुधाचा, दुसऱ्यात त्याच पत्तीचा दूध घालून. आधी बिनदुधाचा प्या, असं शेठ दटावतात. जूनच्या बीपीचा रंग गडद तांबूस, घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना चरचर, आणि दूध पडल्यावर पिवळट-तांबडा उजळ रंग. ऑगस्टच्या डस्टचा रंग त्याहून दाट, पण वास कमी. हे सगळं साहजिकच आहे. आसामात मे-जूनचा बहर सगळ्यात चांगला. पावसाळ्यात झाड भराभर फुटतं, माल भरपूर येतो पण त्यात दम कमी. ऑक्टोबरनंतर पुन्हा जरा सुधारतं, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बागा जवळजवळ बंदच. म्हणजे फेब्रुवारीत 'ताजा आसाम' म्हणून कुणी विकत असेल तर महिना विचाराच.

शेठ गुवाहाटीच्या लिलावाला जाऊन आलेले आहेत. तिथल्या घरांत त्यांना लाल चहा मिळाला, बिनदुधाचा, आणि बागेतल्या मजुरांना मीठ घातलेला. घाम जातो, मीठ हवं. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बायांनाही दुपारी दूध कुठलं मिळायला, त्याही बिनदुधाचा गुळाचा चहा पितात. आपल्या देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के चहा आपणच पिऊन टाकतो, आणि तो असा कुठे मिठाचा, कुठे गुळाचा, कुठे आल्याचा.

केनियाचं उलटं. तिथला जवळजवळ सगळा चहा बाहेर जातो आणि पाकिस्तान त्यांचं मोठं गिऱ्हाईक. मोंबासाला दर आठवड्याला लिलाव भरतो, त्यात युगांडा-रवांडाचा मालही येतो. सीटीसीच्या मुख्य श्रेण्या चार: बीपी-वन, पीएफ-वन, पीडी (पेको डस्ट) आणि डी-वन (डस्ट). गोदीबाहेरच्या टपरीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, नरडाण्याच्या स्टँडवरच उतरलो. दूध, पाणी, पत्ती, साखर एकत्र रटारटा उकळायचं, वर आलं. सोबत मंदाझी नावाचा तळलेला, किंचित गोड, फुगीर पदार्थ. दूध परवडलं नाही की तोच चहा बिनदुधाचा. तिथे सीटीसीची पत्ती लागते, कारण उकळून प्यायचा आहे. आपल्या चुलीला जे चालतं तेच त्यांनाही.

कोलंबोत मात्र डोळे उघडले. १८६७ पासून श्रीलंकेत चहाची लागवड आहे, आणि तिथला बहुतेक माल जुन्या ऑर्थोडॉक्स पद्धतीचा, म्हणजे सीटीसीच्या दातांत न घालता पान पिळून केलेला. उंचीवरून वर्गवारी: १२०० मीटरच्या वरचा उंचावरचा, ६०० च्या खालचा सखल भागातला. उंचावरचा हलका, सुगंधी. सखल भागातला गडद. पण टपरीवरचा माणूस पितो काय? कोरा चहा, आणि हातात गुळाचा खडा. खडा चावायचा, वर घोट घ्यायचा. ग्लासात साखर नाहीच. नाहीतर मग दुधाच्या भुकटीचा चहा, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणलेला. गायी आहेत, पण भुकटी न्यूझीलंडहून येते. चहाच्या देशात चहाला दूध परदेशी, हे मला कधी पचलं नाही.

गूळ-खड्याची ही तऱ्हा मी घरी करून बघितली. शेठकडे दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला ऑर्थोडॉक्स बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको) असतो, नऊशे रुपये किलो. पाणी उकळून उतरवायचं, पत्ती टाकून झाकायचं, तीन-चार मिनिटांनी गाळायचं. उकळायचं नाही. मला तो फार आवडतो. आमच्या वहिनींनी एक घोट घेतला आणि कप माझ्यापुढे सरकवला. "हाऊ च्या शे का रंगनं पानी?" त्यावर काही बोलायची सोय नव्हती. तेव्हा निलगिरी घ्यायचा तर अर्धा पावच घ्या, आणि पाहुण्यांना विचारूनच द्या. खान्देशात पाहुण्याला पातळ चहा दिला तर ते वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, मग बाहेर पारा चव्वेचाळीसला का असेना.

चितगावचा कंडेन्स्ड मिल्कचा चहा मी इथे लांबवत नाही. तो गोडच इतका की पत्तीची श्रेणी कुठली हे कळायची सोयच नाही. आणि एक गंमत सांगायची राहिली: अर्जेंटिना भरपूर चहा पिकवतं, बहुतेक परदेशी पाठवतं, आणि स्वतः माते नावाच्या वेगळ्याच झाडाच्या पानांचा काढा धातूच्या नळीने ओढत बसतं.

आता तक्रारी. पहिली दार्जिलिंगची. काचेची बरणी, तीही रस्त्याकडच्या फळीवर. दुपारचं ऊन थेट तिच्यावर. वर चिठ्ठी: एसएफटीजीएफओपी, म्हणजे अख्ख्या पानाच्या चहाची वरची श्रेणी, मालगाडीच्या डब्यावर असतात तशी अक्षरांची माळ. महिना मात्र नाही. दार्जिलिंगचा पहिला बहर मार्च-एप्रिलचा. त्याची ओळख म्हणजे वास, आणि उजेड, हवा, उष्णता लागली की जातो तोही वासच. बरणी उघडून नाक लावलं तर वाळल्या गवताचा वास. भाव बत्तीसशे रुपये किलो. विचारलं तर शेठ हसून म्हणाले, "इकडे दार्जिलिंग कोण घेतं भाऊ, शोभेला ठेवलंय." शोभेला ठेवा हो, पण भावाची चिठ्ठी तरी काढा. कुणीतरी नवखा पोरगा सासुरवाडीला न्यायला घेईल.

दुसरी: डस्टच्या डब्याशेजारीच इलायची आणि सुंठेचे डबे, झाकणं ढिली. चहा शेजारचा वास ओढून घेतो. एकदा घरी आलेल्या डस्टला इलायचीचा पुसट वास होता. वहिनी खूश झाल्या, मी नाही. तिसरी, पातळ पिशवी. पिशवीत बांधून दिलेली पत्ती आठ दिवसांत मऊ पडते. आपला घट्ट झाकणाचा डबा घेऊन जा. शेठ डब्याचं वजन आधी करून काट्यावर शून्य करतात, त्यात लबाडी नाही.

एक सूचना दुकानाबद्दल नाही, पाण्याबद्दल. इथली पत्ती नेऊन कुणी म्हणेल की चहावर तेलकट तवंग येतो आणि रंग मळकट दिसतो. तो दोष पत्तीचा नसतो, बोअरच्या जड पाण्याचा असतो. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घेऊन तीच पत्ती टाकून बघा.

दुकानात गेलात तर 'चहा द्या' म्हणू नका. घरी किती उकळता, दूध किती घालता, ते सांगा. खूप उकळत असाल तर शेठ बीपी काढतात. घाईचं घर असेल, एका उकळीत उतरवत असाल, तर पीएफ. ममरी (दाणेदार चहाचं बाजारातलं नाव) मागितली तरी ते बीपीच्याच डब्याला हात घालतात, म्हणून नावावरून गोंधळू नका. पहिल्यांदा पाव किलोच घ्या. सध्याचे भाव बीपी ३८०, पीएफ ३६०, डस्ट ३४०. उधारी नाही, मोबाइलवरून पैसे चालतात. दुपारी शटर अर्धं खाली असतं, पण शेठ आतच असतात. हाक मारली तर उठतात, जरा कुरकुरत. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर खडूचा महिना बघितल्याशिवाय पिशवी उघडायला लावू नका. जूनची बीपी तोवर तळाला गेलेली असते, आणि वर ओतलेला माल पावसाळ्याचा असतो.